स्टिरिओचा दिवा अखेर लागला

मुंबईच्या चोर बाजारातून आणलेले 1970च्या दशकातले दोन एफएम ट्यूनर (रेडिओ केंद्र पकडणारी, पण स्वतःचा स्पीकर नसलेली यंत्रे) मी एकाच अँटेनावर आळीपाळीने जोडून ऐकले, तेव्हा त्यांतल्या देखण्या ट्यूनरवर केंद्र स्वच्छ लागूनही स्टिरिओचा दिवा काही लागेना. स्टिरिओ प्रसारणात 19 किलोहर्ट्झचा पायलट, म्हणजे स्टिरिओची खूण देणारा, संकेत असतो आणि डिकोडरमधला (डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या भागातला) ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीचा संकेत तयार करणारा भाग, त्याच्याशी जुळला नाही, तर डावा-उजवा आवाज वेगळा होत नाही. तिथला ट्रिमर (ही फ्रिक्वेन्सी जुळवण्याचा छोटा फिरता भाग) धुळीने खराब झाला असावा, या अंदाजाने मी त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, तो दोन्ही बाजूंना अनेकदा फिरवला आणि डायलचा काटा केंद्र नसलेल्या रिकाम्या जागी ठेवून टेस्ट पॉइंटवरची फ्रिक्वेन्सी काउंटरने मोजत 19 किलोहर्ट्झवर आणली. पुन्हा केंद्र लावताच दिवा लागला.

आवाज मात्र दबलेलाच होता. हा ट्यूनर अमेरिकेसाठी बनवलेला असल्यामुळे त्याचा डी-एम्फसिस (प्रसारणात मुद्दाम वाढवलेले उंच स्वर पुन्हा कमी करणारी जुळणी) 75 मायक्रोसेकंदांचा होता, तर आपल्याकडे तो 50चा असतो. म्हणून तिथले दोन्ही कपॅसिटर मूळ मूल्याच्या दोन-तृतीयांश मूल्याचे बसवले. (अशा अमेरिकी ट्यूनरसाठी 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागतो, हे सौद्याच्या वेळी कोणी सांगत नाही!) दुसरा ट्यूनर आता मी विकणार आहे, कारण त्यात शेजारच्या केंद्राची सरमिसळ फारच होते.