आईबाबांसाठी व्हीलचेअर मागताना

मुंबईहून मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईबाबांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर ती तिकिटासोबतच नोंदवा, निदान 48 तास आधी तरी. नोंदवताना नुसतं 'व्हीलचेअर पाहिजे' म्हणू नका. तिचे प्रकार असतात. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे जिनाही जमत नाही, आणि 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे थेट आसनापर्यंत न्यावं लागतं. गुडघेदुखीवाल्या बाबांना बहुतेक वेळा पहिला प्रकार पुरतो. तिसरा उगाच मागितलात तर ज्याला खरोखर उचलून बसवावं लागतं त्याच्या वाट्याची माणसं अडकतात.

व्हीलचेअरवाले विमानात आधी चढतात, पण उतरतात सगळ्यांच्या शेवटी. त्यामुळे मधे विमान बदलायचं असेल तर दीड तासाचं अंतर ठेवू नका, तीन तास बरे. आपत्कालीन दाराजवळची ऐसपैस जागाही मिळणार नाही. आधी चढण्याची मुभा प्रवाशाला आणि सोबतच्या एखाद्याला असते, अख्ख्या गोतावळ्याला नाही.

आई ठणठणीत आहे, फक्त इंग्रजीची धास्ती आहे? मग विमान कंपनीकडे 'मीट अँड असिस्ट' आहे का विचारा. काही ठिकाणी पैसे पडतात, पण माणूस सोबत चालतो.

आणि हो, रांगेत पुढे गेलेल्या धडधाकट दिसणाऱ्या तरुणाकडे डोळे वटारू नका. हृदयाचं दुखणं कपाळावर लिहिलेलं नसतं.