मक्याचे बियाणे घेताना: अळी, टॅग आणि छोट्या कंपन्या

खरीप तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "लष्करी अळी न येणारा मका आहे का?" नाही. भारतात लागवडीसाठी मंजूर झालेला बीटी मका, म्हणजे जिवाणूचा जनुक घालून अळीला मारक केलेला मका, नाही. बीटी म्हणून शेतकऱ्याला कायदेशीरपणे मिळतो तो फक्त कापूस. म्हणून 'अळीप्रतिरोधक' सांगून पुढे केलेल्या मक्याच्या पाकिटाचा अर्थ बहुधा तीनपैकी एक असतो. एक तर बियाण्याला कीटकनाशक चोळलेले असते. किंवा वाण करपा, केवडा अशा रोगांना सहनशील असतो आणि विकणारा रोग-कीड एकाच पारड्यात टाकतो. नाहीतर ती निव्वळ थाप असते. चोरट्या बियाण्याचे तर बोलायलाच नको: त्याचे ना बिल, ना भरपाई.

बीटी मका जिथे पिकतो तिथेही अळीने वाट काढलीच. पोर्टो रिको या कॅरिबियन बेटावर क्राय-१एफ हे अळीला मारक बीटी प्रथिन असलेल्या मक्यावर याच लष्करी अळीने २००६ मध्ये मात केली होती. साध्या पैदाशीतून आलेली सहनशीलता हा दुसरा मार्ग. सिमीट या मका-गहू संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० च्या डिसेंबरात असे तीन संकरित वाण जाहीर केले, पण ते पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेसाठी. तिथेही 'सहनशील' म्हणजे कमी नुकसान. अळी लागणारच नाही, असे नव्हे.

मग वाणात बघायचे काय?

कणसाचे आवरण सगळ्यात आधी. आवरण घट्ट असेल आणि टोकाच्या पुढे दोन-तीन बोटे गेलेले असेल, तर शेंड्यातून आत शिरणाऱ्या अळीला वाट कमी मिळते आणि परतीच्या पावसात दाण्याला बुरशीही कमी लागते. टोक उघडे पडणारा वाण दुकानातल्या फोटोत भरगच्च दिसतो, शेतात तोच आधी पोखरला जातो. म्हणून आवरण सोलून काढलेल्या कणसाच्या फोटोवर जाऊ नका. गेल्या हंगामात तो वाण लावलेल्या शेतकऱ्याला विचारा.

दुसरे, सुरुवातीची जोमदार वाढ. अळीचा मुक्काम पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत असतो. जो वाण पोंग्याच्या अवस्थेतून लवकर बाहेर पडून तुऱ्यावर येतो, त्यावर फवारणीचे दिवस कमी. कोरडवाहू खरिपात ९० ते १०० दिवसांचा वाण सोयीचा; पाणी हाताशी असेल तर ११० दिवसांचाही चालतो. तिसरे, खोडाचा कणखरपणा. फुलोऱ्यानंतर पाण्याचा ताण पडला की खोडकूज येते आणि पीक लोळते, मग अळीतून वाचलेले कणीसही मातीत जाते.

घरचे संकरित बियाणे पुन्हा पेरू नका. उत्पादन घटते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून वाईट म्हणजे झाडे मागेपुढे वाढतात आणि अळीला महिनाभर कुठे ना कुठे कोवळा पोंगा मिळत राहतो. गावात आठवड्याच्या अंतराने पेरण्या झाल्या तरी हेच होते.

छोटी कंपनी घ्यावी का?

घ्यावी, पण विचारून. जालन्यासारख्या बियाणे-गावांत आणि हैदराबादच्या आसपास अनेक मध्यम-छोट्या कंपन्या आहेत. काहींचे स्वतःचे संशोधन असते, काही सरकारी संस्थेत तयार झालेला संकरित वाण परवान्यावर घेतात, तर काही दुसऱ्याने पिकवलेले बियाणे फक्त पिशवीत भरतात. पहिल्या दोघांत वावगे काही नाही. परवान्यावरचा चांगला वाण मोठ्या ब्रँडपेक्षा स्वस्त पडू शकतो. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: टॅगवर ब्रँडखेरीज वाणाचे नाव काय, वाणाची शिफारस कोणत्या राज्यासाठी आणि हंगामासाठी आहे, बीजोत्पादन कोणत्या हंगामातले. उत्तर टाळले, तर पाकीट परत ठेवा.

छोट्या कंपनीत चूक होते ती बहुधा बीजोत्पादनात. संकरित मक्यासाठी मादी ओळींचे (ज्यांच्या कणसांतून बियाणे घ्यायचे त्या ओळींचे) तुरे परागकण सुटण्याआधी हाताने उपटावे लागतात. मजूर दोन दिवस उशिरा आले, तर मादी स्वतःच्याच परागाने फळते. असे बियाणे उगवते छान, उगवण चाचणीत सापडत नाही, पण शेतात मधूनमधून खुजी, बारीक कणसाची झाडे दिसतात. शंभर झाडांत अशी पाचांपेक्षा जास्त दिसली, तर दोष खताचा नाही.

टॅग वाचा

सरकारी यंत्रणेने तपासलेल्या प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, कंपनीच्या स्वतःच्या हमीवर विकल्या जाणाऱ्या सत्यतादर्शक बियाण्याचा हिरवा. खासगी संकरित मका बहुतेक हिरव्या टॅगवर येतो, त्यात गैर काही नाही; फक्त त्यावरच्या आकड्यांची जबाबदारी कंपनीची असते. संकरित मक्याला किमान उगवण ९० टक्के, शुद्धता ९८ टक्के, ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के. चाचणीची तारीख आणि वैधतेची तारीख दोन्ही बघा. बियाणे रंगीत आहे म्हणजे कीटकनाशक लावले आहे, असे समजू नका. तो रंग नुसत्या बुरशीनाशकाचाही असतो. औषधाचे नाव पिशवीवर छापलेले असते.

पेरणीआधी आठवडाभर गोणपाटाची चाचणी करा. १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवून गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. चौथ्या दिवशी एकदा आणि सातव्या दिवशी शेवटचे मोजा. फक्त सरळ, निरोगी मूळ आणि कोंब असलेली रोपे धरा. कुजकी, वाकडी सोडा.

बियाणे किलोवर नको, दाण्यांवर मोजा. ७५ × २० सेंमी अंतरावर एकरी सुमारे २७,००० दाणे लागतात. १०० दाण्यांचे वजन ३० ग्रॅम भरले, तर ८ किलो, म्हणजे चार किलोच्या दोन पिशव्या. २५ ग्रॅम भरले, तर पावणेसात किलोत भागते. लवकर येणाऱ्या वाणाला ६० × २० सेंमी ठेवतात. तिथे दाणे सुमारे ३३,७०० होतात.

बीजप्रक्रिया

पिशवीतले बियाणे आधीच कीटकनाशक लावलेले असेल, तर पुन्हा लावू नका. नसेल, तर सायॲन्ट्रानिलीप्रोल १९.८ टक्के + थायामेथोक्झाम १९.८ टक्के एफएस हे कीटकनाशकांचे मिश्रण किलोला ६ मिली, म्हणजे ८ किलोला ४८ मिली. औषधात थोडेसेच पाणी घाला, जाड प्लास्टिक पिशवीत बियाणे घोळा आणि सावलीत सुकवा. हातमोजे हवेतच. दाणे चिंब झाले, तर साल सुटते आणि उगवण मार खाते. ॲझोटोबॅक्टर (नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम, तेही शेवटी, पेरणीच्या तोंडावर. उरलेले बियाणे कोंबड्यांना टाकू नका.

हे संरक्षण साधारण दोन ते तीन आठवडे टिकते. पुढे दर आठवड्याला पाच ठिकाणी वीस-वीस झाडे बघा. रोपावस्थेत शंभरात पाच झाडांवर ताजी, खरवडून खिडकीसारखी पारदर्शक झालेली पाने दिसली, की ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पोंग्यात दहा झाडांवर प्रादुर्भाव गेला, की इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ४ ग्रॅम प्रति १० लिटर. नोझल पोंग्यावर धरा; पानांवरून फिरवलेले औषध वाया जाते.

पुढच्या वर्षाची निवड यंदाच्या शेतात

नवीन कंपनीचा वाण पहिल्या वर्षी अख्ख्या शेतात नको. नेहमीच्या वाणाशेजारी सहा ओळी लावा. तारीख, खत, फवारणी सारखीच. काढणीला मधल्या दोन ओळींतून मिळून १३.३ मीटर ओळ मोजून घ्या. ७५ सेंमी अंतरावर हे जवळपास १० चौरस मीटर होते. मळलेल्या दाण्याचे वजन ४०५ ने गुणा की एकरी किलो येते. ओलावा बाजार समितीत मोजून घ्या आणि १४ टक्क्यांवर आणा: वजन गुणिले (१०० वजा ओलावा), भागिले ८६. शिवाय ५० कणसे सोलून किती पोखरली ते दोन्ही वाणांत मोजा. पाकिटावरच्या 'प्रतिरोधक' शब्दाची किंमत तिथे कळते.

बिल, टॅगसह रिकामी पिशवी आणि त्यातले पाव किलो बियाणे मका घरात येईपर्यंत ठेवा. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या, दुकानदार कंटाळला तरी. उगवण कमी झाली किंवा भेसळ दिसली, तर पीक मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, म्हणजे तालुकास्तरीय समितीचा पंचनामा उभ्या पिकात होतो. बियाण्याच्या दोषासाठी शेतकरी ग्राहक आयोगात (तेव्हाच्या ग्राहक मंचात) जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केले आहे. मात्र तिथेही आधी मागतात ते बिल आणि लॉट नंबर.