जॉर्जियन ‘गेमो’ची चव: शब्द वापरताना या चुका टाळा

जॉर्जियन भाषेत चवीला ‘गेमो’ म्हणतात. शब्द एवढासा, पण घसरायला जागा भरपूर.

बहुतेक जण घसरतात ते उगम शोधताना. कानाला सारखा वाटला की शब्द आपलाच, असं ठरवून मोकळे होतात. जॉर्जियन ही कार्तवेली कुळातली. संस्कृत, रशियन, तुर्की यांच्यापैकी कुणाचीही ती सख्खी-चुलत नाही. तिच्यात ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई! एवढं कळलं तरी नाती जुळवण्याचा उत्साह ओसरावा. ‘गेमी’ हा शब्द तर एका स्वरानेच वेगळा, पण तो तुर्कीतून आलेला आहे आणि त्याचा अर्थ जहाज. त्याचा चवीशी काडीचा संबंध नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. गेमो ही जिभेची चव. कपड्यांची, संगीताची, घर सजवण्याची जी अभिरुची, ती ‘गेमोव्नेबा’. मूळ एकच, पण अदलाबदल चालत नाही. उलट अर्थाचे शब्दही वेगळे: बेचव भाजी ‘उगेमुरी’, तर अभिरुची नसलेला माणूस ‘उगेमोव्नो’. यजमानांच्या स्वयंपाकाबद्दल बोलताना भलताच शब्द गेला तर घरातल्या पडद्यांवर शेरा मारल्यासारखं होईल. नुसतं मीठ कमी असेल तर ‘उमारिलो’ म्हणा, म्हणजे अळणी. ‘मारिली’ म्हणजे मीठ.

कौतुक करायचं तर ‘ज़ालियान गेमरिएलिआ’, म्हणजे फार चविष्ट आहे. नुसतं ‘गेमरिएली’ म्हणाल तर ‘चविष्ट’ एवढंच होतं. शेवटचा ‘आ’ हाच तिथला ‘आहे’, तो गिळू नका. सुरुवातीचा ज़ ‘जग’मधला, ‘जय’मधला नव्हे. इथे मराठी माणसाला आयता फायदा आहे, हिंदी भाषकांची मात्र थोडी पंचाईत होते.

‘तिखट’ आणि ‘गरम’ यांतही गोंधळ होतो. ‘त्स्खारे’ म्हणजे तिखट, ‘त्स्खेली’ म्हणजे गरम. अजिका, म्हणजे तिथली मिरचीची झणझणीत चटणी, चाखताना त्स्खेली म्हणालात तर ती निवेपर्यंत तुम्हाला थांबायला सांगतील, तिखटपणा आहे तिथेच राहील.

चव घेऊन बघण्याचं क्रियापद ‘गासिंज्वा’. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, डॉक्टरकी शिकणाऱ्या आपल्या मुलांनी इथे जरा जपावं, कारण डॉक्टर रुग्णाला तपासतो तेही गासिंज्वाच. वॉर्डात हा शब्द कानावर पडला तर कुणी काही चाखत नसतं.