फुगलेलं पान, पळालेला रंग, उकललेले कोपरे : स्क्रॅपबुक करताना या चुका टाळा

मिक्स्ड मीडियाचं, म्हणजे रंग, कागद, कापड सगळं एकत्र असलेलं पान बिघडलं की दोष रंगसंगतीवर जातो, नाहीतर ‘माझा हातच चांगला नाही’ यावर. निम्म्याहून जास्त वेळा खरा गुन्हेगार पाणी असतो. फेविकॉलमध्ये पाणी, जेसोमध्ये (रंगाखाली द्यायचा पांढरा लेप) पाणी, ॲक्रिलिकमध्ये पाणी आणि जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या हवेतही पाणी. कागद ते पितो आणि फुगतो, पण वाळताना पूर्वीच्या मापावर परत येत नाही. पान करायला घेताना ‘यावर कुठलं पाणी, किती आणि कधी पडणार आहे’ एवढं ठरवून घेतलं, तरी खालच्यापैकी बऱ्याच चुका होणार नाहीत.

तळाला चार्ट पेपर

चार्ट पेपर स्वस्त आणि रंगीत, म्हणून हात आधी त्याच्याकडे जातो. पण तो जेसोचा एक हातसुद्धा सोसत नाही, लगेच वाकतो. नुसते फोटो आणि कागदी कटिंग चिकटवायचं असेल तर २०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) चालतं. रंग, पेस्ट, कापड येणार असेल तर २५० ते ३०० जीएसएमचं कार्ड घ्या. दुकानात नुसतं ‘जाड कार्ड द्या’ म्हणू नका, जीएसएम विचारा. आणि चकचकीत शीट टाळा. तिच्यावरच्या लेपामुळे पाण्याचे रंग थेंब-थेंब होऊन बसतात आणि फेविकॉल वरवर धरतो.

माप ठरवतानाही घोळ होतो. व्हिडिओत दिसतं ते १२×१२ इंचाचं पान. आपल्याकडे शीट मिळतं बहुधा २२×२८ इंचाचं, त्यातून १२×१२ ची दोनच पानं निघतात. ११×१४ घेतलं तर बरोबर चार, काहीही वाया न जाता. चौकोनीच हवं असेल तर १०×१० ची चार निघतात आणि ८×२२ ची एक पट्टी उरते, ती फोटोमागच्या मॅटला, म्हणजे फोटोभोवती दिसणाऱ्या कागदी कडेला, वापरता येते.

कागदातल्या तंतूंची एक दिशा असते, बाइंडर तिला ग्रेन म्हणतात. तंतू पाणी पिऊन लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, म्हणून कागद एकाच बाजूला वळतो. दिशा ओळखायला पाच सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापा, कोणती बाजू कुठली ते पेन्सिलीने लिहा आणि एका अंगाला ओलं बोट फिरवा. तुकडा गुंडाळला जाईल. गुंडाळीची लांबी ज्या दिशेला, तीच ग्रेन. ती अल्बमच्या शिवणीला समांतर ठेवली की पानं नीट उघडतात. घडीचंही तसंच. ग्रेनला आडवी घडी घातली की २५० जीएसएमच्या कार्डाची कड तडकून पांढरी दिसते. घडी आडवीच घालावी लागत असेल तर शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून आधी रेघ दाबून घ्या, मग घडी घाला.

जास्त फेविकॉल म्हणजे जास्त पक्कं, हा गैरसमज

पांढऱ्या फेविकॉलमध्ये अर्ध्याच्या आसपास पाणीच असतं. जाड थर दिला की आधी कागद फुगतो, मग वर चिकटवलेल्या तुकड्यावर सुरकुत्या येतात आणि कोपरे सुटतात. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मधून बाहेर असा पातळ हात फिरवा. खालचा कागद अंधुक दिसायला हवा, इतकाच थर. तुकडा मधून टेकवा, हवा बाहेर ढकला, वर बटर पेपर ठेवा आणि चार-पाच किलोची पुस्तकं रात्रभर. दहा मिनिटांत ते धरतं, पण पूर्ण वाळायला २४ तास लागतात. पावसाळ्यात दोन दिवस धरा.

पान एकाच बाजूने रंगवलं की ते त्या बाजूला ओढलं जातं. उपाय सोपा आहे, कंटाळवाणाही आहे: मागच्या बाजूलाही जेसोचा एक पातळ हात द्या. बहुतेकजण हे टाळतात आणि मग इस्त्री करत बसतात.

प्रत्येक गोष्टीला एकच गोंद चालत नाही. फोटोला दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिक, कारण टेपमध्ये पाणी नाहीच आणि ग्लू स्टिकने कागद फारसा ओला होत नाही. कापडाला फेविकॉल. टिकल्या, मोती, लाकडी तुकड्यांना फेविकॉलचा थेंब आणि धीर. फेव्हीक्विक कागदात झिरपून काचेसारखा कडक डाग पाडतं आणि त्याच्या वाफेने फोटोवर पांढरट पापुद्रा येतो. ग्लू गनने चिकटवलेला फोटो उष्णतेने उंचवट्यासारखा वर येतो. सेलोटेप काही वर्षांत पिवळा पडतो, त्याचा गोंद बाहेर सरकतो आणि शेजारच्या पानाला लागतो.

मैद्याची खळ अजून काहीजण वापरतात. धरते छान, पण कसरीला आणि झुरळांना ती मेजवानीच. पूर्वी बाइंडर तिच्यात मोरचूद घालत ते त्यासाठीच, पण मोरचूद विषारी असतं. मुलं बसणार असतील त्या टेबलावर ते नको.

खण किंवा साडीचा काठ लावताना फेविकॉल कापडातून वर येतो आणि काळपट डाग दिसतो. शिंपी कॉलरला लावतात ते फ्युजिंग आधी उलट्या बाजूला इस्त्रीने बसवून घ्या, मग कापा. दोरे निघत नाहीत आणि गोंदही वर येत नाही.

रंग का पळतो

क्रेप पेपर, पतंगी कागद आणि घोटीव कागद यांचा रंग ओल्या फेविकॉलमध्ये उतरतो. लाल आणि राणी रंग तर हमखास. हे कागद दुहेरी टेपने किंवा ग्लू स्टिकनेच लावा. रंग मुद्दाम पळवायचा असेल तर गोष्ट वेगळी. पतंगी कागदावर ओला ब्रश फिरवून उचलला की सुंदर पार्श्वभूमी येते. फक्त वर काही लावायच्या आधी ती पूर्ण वाळू द्या आणि वार्निशचा एक हात द्या.

घरच्या इंकजेटवर काढलेल्या प्रिंटवर फेविकॉल फिरवला की चेहरा निळसर होऊन ओघळतो. लॅबमधला फोटो किंवा लेझर प्रिंट, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातली, पाण्याला टिकते. स्केचपेनचंही तेच. लिहिल्यावर वरून गोंदाचा हात द्यायचा असेल तर वॉटरप्रूफ पिगमेंट पेन घ्या.

थरांचा क्रम चुकला की काहीच धरत नाही. ऑइल पेस्टलवर ॲक्रिलिक बसत नाही, कारण खाली तेल आणि मेण आहे. ॲक्रिलिकने बंद झालेल्या कागदात वॉटरकलर शिरत नाही. म्हणून आधी वॉटरकलर, मग जेसो आणि ॲक्रिलिक, मग चिकटवाचिकटवी, सर्वांत शेवटी ऑइल पेस्टल.

आता आपल्या घरांतल्या वस्तूंकडे येऊ, कारण परदेशी व्हिडिओत यांचा उल्लेख सापडणार नाही.

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं असतं. ती तशीच अल्बममध्ये ठेवली की समोरच्या फोटोवर पिवळा-लाल शिक्का उमटतो, आणि ओला गोंद लागला तर ओघळ. मऊ कोरड्या ब्रशने भुकटी झाडा, पत्रिका फोटो कॉर्नरमध्ये अडकवा आणि समोर बटर पेपर घाला. हळदीचा रंग म्हणून वापर करणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उजेडात तो उडतो आणि चुना किंवा साबण लागला की लाल होतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण उन्हापुढे तिचंही काही चालत नाही. कायमचा पिवळा हवा असेल तर ॲक्रिलिक यलो ऑकर घ्या.

मशीनमधून निघणारं एसटीचं तिकीट आणि दुकानाची पावती थर्मल कागदावर असते. त्यात शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं. त्यामुळे इस्त्री किंवा हेअर ड्रायर लागला की काळं पडतं, टेपखाली ठेवलं की पुसट होतं. झेरॉक्स काढून ती चिकटवा. वर्तमानपत्राच्या कात्रणाचंही झेरॉक्सच लावा. त्या कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि मागच्या फोटोलाही डाग देतो.

कंदी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावायचा मोह होतो. त्यात तूप झिरपलेलं असतं, आणि तुपाचा डाग काही महिन्यांत तीन पानं आरपार जातो. पेढ्याचा कण न लागलेलं, कोरडं झाकण निवडा. भडंगाचं पाकीट प्लास्टिकचं, त्याला फेविकॉल धरतच नाही. धुवा, वाळवा, दुहेरी टेप लावा.

जुना कृष्णधवल फोटो कधीच कापू नका. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून प्रिंट वापरा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. ४×६ इंचाला ३०० डीपीआयने १२०० × १८०० पिक्सेल लागतात, म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

टेक्श्चर पेस्ट तडकते, नाहीतर चिकट राहते

पानावर उठाव देणाऱ्या या पेस्टचं साधं घरगुती प्रमाण: दोन चमचे टाल्कम किंवा खडूची चाळलेली पावडर, एक चमचा फेविकॉल, एक चमचा पांढरा ॲक्रिलिक. पावडर जास्त झाली की तडे जातात, फेविकॉल जास्त झाला की दमट हवेत ती चिकटच राहते. थर एक-दोन मिलिमीटरचाच. उंची हवी असेल तर पहिला थर वाळल्यावर दुसरा. हीट गन जवळ धरली की वर साय येते, आत ओलं राहतं आणि फोड येतात. एप्रिलमध्ये सांगलीत उलटा त्रास: पेस्ट स्टेन्सिलवरच (नक्षी कापलेल्या साच्यावरच) सुकायला लागते. पंखा बंद ठेवा, पेस्ट लावली की स्टेन्सिल लगेच सरळ वर उचला आणि लगेच पाण्यात टाका.

हातकागद : पल्पमध्येच (लगद्यातच) बिघाड

ए-४ चा ८० जीएसएमचा एक कागद साधारण पाच ग्रॅमचा. असे दहा, म्हणजे ५० ग्रॅम, घेतले तर हाताने त्याच मापाचे पाच-सहा कागद निघतात, १३० ते १६० जीएसएमचे. वर्तमानपत्र घेऊ नका. करडा, कमजोर आणि पुढे पिवळा पडणारा कागद मिळतो. एका बाजूने वापरलेले कोरे कागद उत्तम.

दोन सेंटिमीटरचे तुकडे फाडून रात्रभर भिजवा. मिक्सरच्या भांड्यात दोन-तृतीयांश पाणी, एक मूठ कागद, आणि थांबून-थांबून २०-३० सेकंद. ‘अजून बारीक’ म्हणून फिरवत राहिलात तर तंतू तुटतात आणि कागद खाकऱ्यासारखा मोडतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर पल्प टाकून बघा. तुकडे दिसेनासे झाले की पुरे.

यातला बराचसा पल्प टबात आठेक लिटर पाण्यात मिसळा. दर दोन कागदांनंतर पाणी पातळ होत जातं, म्हणून सगळा पल्प आधीच न ओतता थोडा बाजूला ठेवून नंतर घालत राहा. नाहीतर पहिला कागद पुठ्ठा आणि शेवटचा जाळी होतो. टबातून पल्प गाळून उचलायच्या चौकटीवरची जाळी ढिली असली की मध्ये झोळ पडतो आणि तिथे कागद जाड होतो. चौकट आडवी धरून सरळ वर उचला आणि पाणी निथळत असतानाच हलक्या हाताने डावी-उजवीकडे, मग मागे-पुढे हलवा. पाणी गेल्यावर हलवलं की लाटा उमटतात.

कागद कापडावर उतरत नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. कारण कापड कोरडं असतं. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा ओला करून पिळून घ्या, चौकट एका कडेने टेकवत उलटी करा, जाळीच्या मागून स्पंजने पाणी टिपा, मग उचला. कापडांची चवड दोन प्लायवुडमध्ये ठेवून २० किलो वजन, अर्धा तास. उन्हात टाकू नका, वाकतो. सावलीत कापडासकट वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच सोलून काढा.

या कागदावर शाई पसरते, कारण त्यात साइझिंग, म्हणजे शाई अडवणारी खळ, नसतं. कपभर पाण्यात एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर शिजवून, गार करून टबात घाला. फेविकॉल घालू नका, कागद कापडालाच चिकटेल.

साखर कारखान्यांच्या भागात राहतो म्हणून उसाच्या चिपाडाचा कागद करायची हौस अनेकांना असते. नुसतं मिक्सरमधून काढून तो होत नाही. लिग्निन काढायला चिपाड कॉस्टिक सोड्यात शिजवावं लागतं, आणि ते स्वयंपाकघरातलं काम नाही. उकळून बारीक कापलेलं चमचाभर चिपाड पल्पमध्ये मिसळा, पोत छान येतो. उरलेलं पल्पचं पाणी फडक्यातून गाळा. बेसिनमध्ये ओतलं तर पाइप तुंबतो.

फुलांसाठी कासकडे बघू नका. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये कासच्या पठाराला जागतिक वारशात जागा मिळाली, आणि तिथलं फूल तोडायला मनाई आहे. दारातली बोगनवेल दाबायला त्याहून सोपी आहे. पाकळ्या पातळ, पाणी कमी. सकाळचं दव वाळल्यावर तोडा, पहिले चार दिवस रोज कागद बदला, दोन आठवडे वजनाखाली ठेवा. तपकिरी पडलं तर कागद बदलायचा राहिला होता, एवढंच.

अल्बम बंद होत नाही आणि उघडतही नाही

तीन मिलिमीटरचा फोम टेप दहा पानांवर एकाच जागी लावला की तिथे तीन सेंटिमीटर फुगवटा होतो आणि शिवणीकडे अल्बम सपाट राहतो. समोरासमोरच्या पानांवर उंच वस्तू वेगवेगळ्या जागी लावा आणि शिवणीच्या बाजूला दोन पानांमध्ये दोन सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी घाला. शिवणीपासून दीड इंचात काहीच चिकटवू नका. लोखंडी पिना आणि स्टेपल पावसाळ्यात गंजतात.

वाळलेला ॲक्रिलिक आणि फेविकॉल उन्हाळ्यात मऊ होतात. अशी दोन पानं समोरासमोर दाबली गेली की एकमेकांना धरतात. वाळल्यावर पांढरी मेणबत्ती हलकेच घासून मऊ कापडाने पुसा, किंवा मध्ये बटर पेपर ठेवा. अल्बम उभा ठेवा, लोखंडी कपाटात भिंतीला टेकवून नको. निळ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण गुलाबी पडल्या की बदला. वास येणारी पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळून पॉलिप्रॉपिलीनची घ्या.

पानं चिकटलीच असतील तर ओढू नका आणि पाणी लावू नका. दुपारी नाही, पहाटे गार असताना नायलॉनचा बारीक दोरा दोन्ही हातांत ताणून कोपऱ्यातून आत सरकवा आणि करवतीसारखा पुढे-मागे करत हळूहळू पलीकडे न्या. फोटो असलेल्या बाजूला दोरा टेकवू नका, दुसऱ्या पानाकडे झुकता ठेवा. सोलवटलं तर ते पान सोलवटू दे.