४ जीबीचा पीसी अडखळतोय? आधी मेमरी बघा

खानापूर-निपाणीकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत ४ जीबी रॅमचे पीसी अजून राबतात. क्रोममध्ये जमिनीचा उतारा, शेजारी फोटोशॉपात लग्नपत्रिका उघडली की माउस अडकतो. रॅम भरली की विंडोज बराच वेळ न वापरलेली पानं (म्हणजे मेमरीतले छोटे तुकडे) डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या राखीव फाइलमध्ये टाकतं. विंडो बदलताच ती परत आणावी लागतात, आणि जुनी हार्ड डिस्क तिथंच दमते.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' बघा. 'अव्हेलेबल' दोन-तीनशे एमबीवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असेल, तर दुखणं हेच. 'कॅश्ड'चा मोठा आकडा मात्र चांगलाच; ती जागा लागेल तेव्हा मोकळी होते. रॅम क्लीनर टाकू नका, ते कामाची पानंही हाकलतात. पेजफाइल बंद केलीत तर प्रोग्रॅम धाडकन पडतील. रॅम वाढवताना आपल्या पीसीला डीडीआर३ प्रकारची लागते की डीडीआर४ ते बघूनच घ्या, एकीची खाच दुसरीच्या जागेत जुळत नाही.