आठवड्याचा पगार, महिन्याचा हप्ता: पैशाच्या या चुका टाळा

पैशाचे बहुतेक सल्ले 1 तारखेला पगार होणाऱ्या माणसासाठी असतात. सोलापुरात लूमवरच्या कामगाराला पगार आठवड्याला मिळतो, विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते, आणि पंढरपूर-माळशिरसकडच्या ऊसवाल्याच्या हाती बिल येते ते गाळप सुरू झाल्यावर. म्हणून आधी पैसा कधी येतो ते बघा, किती येतो ते नंतर.

चांगल्या आठवड्यावर हप्ता बेतणे

सगळ्यात जास्त घरे इथेच अडकतात. समजा चार आठवड्यांची मजुरी 2,800, 2,800, 1,500 आणि 2,600 झाली. मधल्या आठवड्यात काम कमी होते. हातात आले 9,700, पण कर्ज घेताना डोक्यात असतात 2,800 चोक 11,200. या दीड हजाराच्या फरकासाठी मालकाकडून उचल घेतली जाते, ती पुढच्या पगारातून कापली जाते आणि पुढचा महिनाही तुटका जातो.

गेल्या 12 आठवड्यांची मजुरी वहीत मांडा. त्यातल्या सर्वांत कमी चार आठवड्यांची बेरीज हेच तुमचे महिन्याचे उत्पन्न धरा. भाडे, किराणा, शाळेची फी आणि हप्ता त्यात बसलाच पाहिजे.

हप्ता 2,000 असेल तर पगाराच्या दिवशीच 500 रुपये वेगळ्या खात्यात टाका, हप्ता त्याच खात्यातून कापू द्या. वर्षाचे 52 आठवडे म्हणजे 26,000 जमतात, हप्त्यांना लागतात 24,000. एक हप्ता शिल्लक राहतो. मंदीत तोच कामाला येतो. हप्ता बाउन्स झाला तर बँक आणि कर्ज देणारा दोघेही दंड लावू शकतात, शिवाय पत बिघडते ती वेगळीच.

‘12 टक्के’ ऐकून सही करणे

व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर, हे विचारल्याशिवाय कागदाला हात लावू नका. 60,000 रुपये, दोन वर्षे, 12 टक्के फ्लॅट: व्याज 14,400, हप्ता 3,100. मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, तरी व्याज पूर्ण 60,000 वरच आकारले जाते. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हे कर्ज साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडते. बँक आणि फायनान्स कंपनीने सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यायचे असते. त्यातला एपीआर, म्हणजे व्याज आणि शुल्क धरून पडणारा वर्षाचा दर, बघा. दोन कर्जांची तुलना त्याच आकड्यावर करा.

भिशीला अडीअडचणीची शिल्लक समजणे

20 जणांची 2,000 ची भिशी म्हणजे 40,000. लिलावाच्या भिशीत चौथ्या महिन्यात गरज पडली आणि 31,000 वर उचलली, तर 9,000 सोडले. उरलेले 16 महिने भरणे चालूच. आजारपण नंबर बघून येत नाही. भिशी खुशाल लावा, पण निदान एका महिन्याचा खर्च बँकेत आल्यावरच.

सगळी ठेव एकाच ठिकाणी

बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. तिथे अर्धा-एक टक्का जादा मिळतो म्हणून मुलीच्या लग्नाचे सगळे पैसे ठेवणे धोक्याचे आहे.

नोकरी बदलताच पीएफ काढणे

एमआयडीसीतले काम सोडून पुण्याला जाताना पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) नव्या खात्यात वळवा. पीएफसोबतच्या मासिक पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. पेन्शनची रक्कम काढली की आधीची सेवा त्यात धरली जात नाही.

ऊसवाल्याने मासिक एसआयपी लावणे

बिल येईपर्यंत खाते रिकामे राहते आणि एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा दरमहाचा ठरावीक हप्ता, बाउन्स होते. बिल आले की आधी पीककर्ज मुदतीत भरा, कारण मुदत चुकली की व्याजसवलत जाते. गुंतवणूक उरलेल्या रकमेतून एकदम करा.

मे अखेरीस खाते रिकामे ठेवणे

प्रधानमंत्री जीवनज्योती (आयुर्विमा) विम्याचे 436 आणि सुरक्षा (अपघात) विम्याचे 20 रुपये तेव्हाच कापले जातात. दोन्हींचे वर्ष 1 जूनला सुरू होते. 25 मेच्या आत 456 रुपये खात्यात असू द्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून दोन्ही नोंदी बघून घ्या.