जपानमध्ये सेवेसाठी आलेल्या ठाणे-नवी मुंबईच्या तरुणांसाठी

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ या भागांतील धर्मग्रामांतून वर्ष-दोन वर्षांच्या मिशनसेवेसाठी जपानमध्ये येणारे तरुण आता अधूनमधून ओसाकातील आमच्या घरी येतात. मीही ठाण्यातून अशीच प्रापंचिक, म्हणजे व्रतस्थ नसलेली, सेविका म्हणून येथे आले आणि पुढे येथेच स्थिरावले. नव्याने आलेल्यांचे प्रश्न बहुतेक वेळा घर, पैसा आणि जेवण यांविषयीचे असतात, पण दोन-तीन महिने गेले की त्यांच्या मनातील खरी अडचण बाहेर येते. ठाण्यात असताना देव जवळ वाटत होता आणि येथे त्याच्याच कामासाठी आल्यावर प्रार्थना कोरडी झाली, असे ते संकोचाने सांगतात. हे लेखन मुख्यतः त्या अडचणीसाठी आहे. मात्र कागदपत्रे मार्गी लागल्याशिवाय मनालाही स्वस्थता मिळत नाही, म्हणून सुरुवात तेथून करते.

विमानतळावर मिळालेले रहिवासी कार्ड सतत जवळ बाळगावे आणि राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून 14 दिवसांच्या आत स्थानिक नगरपालिका कार्यालयात पत्ता नोंदवावा. त्याच कार्यालयात राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदणीही होते. त्यानंतर दवाखान्याच्या खर्चाचा साधारण 30 टक्के भाग आपल्याला द्यावा लागतो. 20 ते 59 वयाच्या रहिवाशांना पेन्शन योजनेतही नाव नोंदवावे लागते, पण उत्पन्न नसल्यास सवलतीचा अर्ज करता येतो आणि तो करण्यास लाजू नये. व्हिसा ज्या कामासाठी मिळाला आहे त्याबाहेरची कमाई परवानगीशिवाय करू नये, मग ती इंग्रजीची छोटी शिकवणी का असेना. आईने बॅगेत भरून दिलेली औषधे निघण्यापूर्वीच तपासून घ्यावीत, कारण सर्दी-खोकल्याच्या ज्या औषधांत कोडीन किंवा ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असते, ती येथे आणण्यावर निर्बंध आहेत.

आता प्रार्थनेकडे वळते. आपल्याकडे श्रद्धेला किती आधार असतात हे तेथे असताना ध्यानात येत नाही. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये रविवारी मिस्साला गेले की शाळासोबती भेटतात, कॉयरमध्ये मावसबहीण असते, ऑक्टोबरात घरोघरी जपमाळ फिरते आणि एखाद्या रविवारी चुकलात तर कोणीतरी आईला विचारतेच. येथे ख्रिस्ती लोक सगळे मिळून लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का आहेत. मिस्सा शांत असते, शांतीचे अभिवादन हात न मिळवता किंचित वाकून करतात आणि मिस्सा संपल्यावर बहुतेक जण लवकर घरी जातात. इमारतींच्या भिंती पातळ असल्यामुळे रात्री मोठ्याने भक्तिगीत गाण्याचीही सोय नसते. या सगळ्यानंतर जो कोरडेपणा येतो तो श्रद्धा ओसरल्याचे चिन्ह आहे, असे मी मुळीच मानत नाही. आजवर इतरांच्या सोबतीने उचललेली प्रार्थना प्रथमच एकट्याने उचलावी लागते आणि त्याचे श्रम जाणवतात, इतकाच त्याचा अर्थ आहे.

या बाबतीत जपानच्या भूमीइतके शिकवणारे दुसरे ठिकाण मला ठाऊक नाही. 1614 मध्ये येथे ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली आणि काही दशकांत एकही धर्मगुरू उरला नाही. तरीही नागासाकीच्या परिसरातील शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी दोनशेहून अधिक वर्षे श्रद्धा जपली. गावात एक जण सणांचे पंचांग सांभाळत असे, दुसरा बाळांना जलसंस्कार देत असे आणि प्रार्थना तोंडी पाठ करून मुलांना दिल्या जात. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावातील काही जण नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये आले आणि आपली श्रद्धा तीच आहे असे सांगून त्यांनी फादर पेतिजाँ यांच्याकडे मरियेच्या मूर्तीची विचारणा केली. त्यानंतरही छळ थांबला नाही. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले आणि बंदीचे फलक 1873 मध्ये उतरले. त्या माणसांना ना मिस्सा होती ना कॉयर, पण त्यांच्याकडे दिवसाचा ठरलेला क्रम होता. तुम्हीही तोच धडा घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सकाळी दहा मिनिटे शुभवर्तमान आणि रात्री जपमाळेचे एक दशक (दहा मण्यांचा एक भाग), एवढेच ठरवावे आणि मन लागो वा न लागो, ते मराठीतच करावे. ज्या भाषेत लहानपणी प्रार्थना शिकलो, त्या भाषेत थकलेल्या मनालाही ती करता येते.

मिस्सा मात्र जपानीतच ऐकावी. मोठ्या शहरांत इंग्रजी, टागालोग, पोर्तुगीज आणि व्हिएतनामी मिस्सा असतात, तेथे महिन्यातून एकदा जाऊन मन मोकळे करण्यात काही गैर नाही. पण दर रविवारी तेथेच गेलात तर ज्यांच्यात सेवा करण्यासाठी आलात ते लोक परकेच राहतील. मिस्सेच्या पुस्तिकेत चित्रलिपीवर उच्चार छापलेले असतात, त्यामुळे आधी कानाने आणि मग डोळ्यांनी ती हळूहळू उलगडते.

आल्याआल्या प्रभूविषयी बोलण्याची उत्सुकता असते आणि ती मला प्रिय आहे, पण येथे तिला थोडा धीर द्यावा लागतो. 20 मार्च 1995 रोजी एका पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी सारिन वायू सोडला; तेव्हापासून धर्माच्या नावाने दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे लोक अधिकच साशंकतेने पाहतात. म्हणून पत्रके वाटण्याऐवजी काम करावे. ओसाकातील कामागासाकी वस्तीत रोजंदारीवर आयुष्य काढलेले वृद्ध पुरुष राहतात आणि तेथे ख्रिस्ती गट अन्नवाटप करतात. रांगेतील आजोबांना वाटी दोन्ही हातांनी द्यावी, नाव विचारावे आणि पुढच्या आठवड्यात ते नाव घेऊन हाक मारावी. तुम्ही इतक्या दूर का आलात, असे एखाद्या दिवशी ते स्वतःहून विचारतील, आणि त्या वेळी दिलेले दोन वाक्यांचे प्रामाणिक उत्तर पुष्कळ होते.

नाताळाची आधीच मनाची तयारी करावी, कारण 25 डिसेंबरला येथे सुट्टी नसते आणि घराची आठवण त्या दिवशी फार दाटून येते. आदल्या रात्रीच्या मिस्सेला मात्र ख्रिस्ती नसलेले कित्येक जपानी लोक कुतूहलाने येतात. त्यांना जागा दाखवण्याचे आणि पुस्तिकेचे पान उघडून देण्याचे काम मागून घ्यावे. माझ्या अनुभवात नाताळचा एकटेपणा या कामाने जितका हलका होतो तितका कशानेही होत नाही. घरी फोन करण्यासाठी रविवार दुपार बरी. जपानची वेळ साडेतीन तास पुढे असल्यामुळे येथील दीड वाजता ठाण्यात सकाळचे दहा वाजलेले असतात आणि घरचे मिस्साहून परतलेले असतात. आईवडिलांना सर्व छान आहे एवढेच सांगू नये. प्रार्थना जड जाते आहे हेही सांगावे, म्हणजे त्यांना तुमच्यासाठी नेमके काय मागायचे ते कळेल.

पहिल्या हिवाळ्यात, शक्यतो 5 फेब्रुवारीच्या सुमारास, नागासाकीला जाऊन यावे. स्टेशनपासून काही मिनिटांच्या अंतरावरील निशिझाका टेकडीवर 1597 मध्ये त्या दिवशी 26 जणांना क्रुसावर चढवले गेले आणि त्यांत आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. भाषा अवगत असल्यामुळे ते फ्रान्सिस्कन बंधूंचे दुभाषी होते. त्यांच्या बरोबरचे बहुसंख्य हुतात्मे जपानी प्रापंचिक होते आणि त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता. 1862 मध्ये या सर्वांना संतपद मिळाले. त्याच्याही आधी, 1321 मध्ये, आपल्या ठाण्यात चार परदेशी फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले होते. दूरवरून आलेल्यांनी आपल्या गावाला काय दिले आणि आपल्या किनाऱ्यावरून निघालेल्याने या देशाला काय दिले, हे टेकडीवरील स्मारकासमोर उभे राहून आठवावे, आणि येथे आपण पहिलेच आणि एकटेच आहोत ही भावना त्या वेळी प्रभूपुढे ठेवावी.

व्हिसाची मुदत वाढवण्याचा अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून करता येतो. राहावे की परतावे हे त्या अर्जाच्या घाईत ठरवू नये. येथील धर्मगुरूंशी आणि घरच्या धर्मग्रामातील आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाशी त्याआधी निवांत बोलून घ्यावे. परतण्याचा निर्णय झाला तर तो येथील धर्मग्रामाला निदान महिनाभर आधी कळवावा, म्हणजे अन्नवाटपाची तुमची पाळी रिकामी राहणार नाही.